गाडीवाल्यांच्या शहरात बसने फिरायचं तर

मराठीत ‘गाडी’ म्हटलं की कारही येते आणि बसही. ‘गाडी घेतली’ म्हणणारा कारबद्दल बोलतो, ‘गाडी चुकली’ म्हणणारा बहुतेक बसबद्दल. काही शहरांत मात्र गाडी म्हणजे कार आणि फक्त कार. ह्यूस्टन, फीनिक्स, डॅलस, पर्थ, दुबईचा बराचसा भाग ही त्यातली ठळक नावं. सहा-आठ पदरी रस्ते, दुकानांच्या पुढ्यात मैदानाएवढी पार्किंगं, घरं एका टोकाला, कचेऱ्या दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या पट्ट्यात पायी चालणारा माणूस औषधालाही सापडत नाही.

अशा शहरात नव्याने आलेला माणूस पहिल्याच आठवड्यात ऑफिसात विचारतो, ‘इथे बस मिळते का हो?’ उत्तर ठरलेलं असतं: ‘छे, इथे गाडीशिवाय काही खरं नाही.’ सांगणारा स्वतः दहा वर्षांत बसची पायरी चढलेला नसतो. बसबद्दल विचारायचं तर बसने येणाऱ्यालाच विचारावं. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, साफसफाईला येणाऱ्या बाई, कॉलेजातली मुलं. ही मंडळी नुसता नंबर सांगून थांबत नाहीत. ‘सव्वासातची पकडा, साडेसातची भरून येते’ हेही सांगतात.

मी अशा एका शहरात काही वर्षं कारशिवाय काढली. सुरुवातीला सगळं उलट्या क्रमाने केलं: आधी घर घेतलं, मग थांबा शोधला, आणि फेऱ्या किती आहेत ते सगळ्यात शेवटी पाहिलं. खाली जो क्रम दिला आहे तो मी करायला हवा होता तो आहे.

१. बस कुठे जाते ते नंतर, किती मिनिटांनी येते ते आधी

बसचा नकाशा उघडला की जीव हरखतो. शहरभर रंगीत रेघांचं जाळं, आणि त्यातली एक तर आपल्या घरावरूनच गेलेली! इथेच फसगत होते. दर दहा मिनिटांनी धावणारी बस आणि तासाला एक येणारी बस, दोघींची रेघ बऱ्याच नकाशांत सारख्याच जाडीची असते. कारवाल्याला रस्ता दिसला की पुरे, तो कधीही निघू शकतो. बसवाल्यासाठी रस्ता दर काही मिनिटांनी उघडतो आणि लगेच बंद होतो. मधली मिनिटं किती, यावर सगळं अवलंबून.

हिशेब सोपा आहे. वेळ न बघता थांब्यावर गेलात आणि बस नेमाने दर १० मिनिटांनी येत असेल, तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागेल. तासाला एक असेल तर सरासरी अर्धा तास, आणि नशीब फिरलं तर पूर्ण तास. माझा ठोकताळा असा: १५ मिनिटांच्या आत येणाऱ्या बससाठी वेळापत्रक बघायची गरज नाही, पायात चपला घालून निघावं. दर अर्ध्या तासाची बस वेळ बघून पकडता येते, तिच्यावर नोकरी करता येते. तासाला एक असलेल्या बसभोवती मात्र अख्खा दिवस बेतावा लागतो. असा मार्ग आठवड्यातून एकदाच्या कामाला ठीक, रोजच्याला नाही.

काही शहरांनी हे ओळखून नकाशेच बदलले. ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये जवळपास सगळं बसचं जाळं एका रात्रीत नव्याने मांडलं आणि मार्गांना फेऱ्यांप्रमाणे रंग दिले: लाल म्हणजे साधारण १५ मिनिटांनी, निळा म्हणजे अर्ध्या तासाने, हिरवा म्हणजे तासाने. तुमच्या शहराच्या बससेवेच्या संकेतस्थळावर ‘फ्रीक्वेंट नेटवर्क’ (वारंवार बस येणाऱ्या मार्गांचं जाळं) अशा नावाचा नकाशा आहे का ते आधी शोधा. असला तर मोठाच नकाशा मिटून ठेवा.

नसला तर एक संध्याकाळ काढून स्वतः बनवा. नकाशा छापून घ्या. घर, काम आणि नेहमीच्या जागा यांच्या आसपासच्या प्रत्येक मार्गाचं वेळापत्रक उघडा आणि दोन आकडे मोजा: कामाच्या दिवशी दुपारी १२ ते १ मध्ये किती बस आणि रविवारी त्याच तासात किती. दुपारचाच तास घ्यायचा. सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ४ ते ६ बऱ्याच मार्गांवर बस भरपूर असतात. त्या आकड्यांवर भुललात तर दुपारी डॉक्टरकडून परत येताना हात चोळत उभे राहाल. तासाला चार किंवा जास्त बस मिळाल्या की ती रेघ जाड मार्करने रंगवा. दोन असतील तर पेन्सिलीने. बाकीच्या तशाच सोडा.

शेवटी हातात तीन-चार जाड रेघा राहतात. बसवाल्याचं शहर तेवढंच.

२. त्या जाड रेघांवर आयुष्य सरकवायचं

घर अजून ठरलं नसेल तर तुम्ही भाग्यवान. भाडं थोडं कमी-जास्त, खोली थोडी लहान-मोठी हे सगळं नंतर. आधी जाड रेघेपासून किती चालावं लागतं ते बघा. माणूस साधारण ताशी ५ किलोमीटर चालतो, म्हणजे ४०० मीटरला पाच मिनिटं, ८०० मीटरला दहा. दहा मिनिटांच्या आतलं घर चालेल. दोन जाड रेघा एकमेकींना छेदतात त्या चौकाजवळचं मिळालं तर सोडू नका. तिथून चारही दिशांना बस न बदलता जाता येतं.

घर बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी तपासा. घरमालक किंवा एजंट त्या सांगणार नाहीत, कारण त्यांना त्या माहीतच नसतात.

पहिली, कुंपण. कारवाल्या शहरातल्या वसाहती भिंतींनी वेढलेल्या असतात आणि फाटक एकच असतं. खिडकीतून थांबा दिसतो, सरळ रेषेत दीडशे मीटर. रस्त्याने जायला लागलात की वळसा एक किलोमीटरचा. नकाशाच्या उपग्रह-चित्रात पायवाट आहे का, मधे भिंत आहे का, फूटपाथ मधेच संपतो का, हे घरबसल्या दिसतं. दुसरी, सिग्नल. जाताना थांबा घराच्या बाजूला असेल तर येताना तो रस्त्यापलीकडे असणार. आठ पदरी रस्ता ओलांडायला जवळ सिग्नल नसेल तर रोज संध्याकाळी जिवावरचा खेळ होईल. तिसरी गोष्ट म्हणजे फाटा. एखादा मार्ग मध्यभागात दर १० मिनिटांनी धावतो आणि पुढे दोन फाट्यांत विभागतो. मग फाट्यावरच्या घराला दर २० मिनिटांनीच बस मिळते. जाहिरात मात्र दहाचीच असते.

घर आधीच घेऊन बसला असाल (मी बसलो होतो) तर बाकीच्या जागा हलवा. कारवाला डॉक्टर निवडतो तो नावाजलेला म्हणून, बसवाल्याने दोन बऱ्या डॉक्टरांमधला लाइनीवरचा निवडावा. किराणा, बँक, केस कापायचं दुकान, मुलांचा पोहण्याचा क्लास, सगळ्यांना हाच नियम. शहराच्या दुसऱ्या टोकाचं स्वस्त दुकान दोन बस बदलून गाठलं तर वाचलेले पैसे वेळेत गेले.

३. वेळापत्रक वाचायची युक्ती

वेळापत्रकात सगळे थांबे नसतात, हे मला कळायला दोन महिने लागले. तीस-चाळीस थांब्यांच्या मार्गावर छापलेली ठिकाणं सहा-सात. त्यांना टाइमपॉइंट म्हणतात. बस तिथे लवकर पोचली तर ड्रायव्हरने वेळ होईपर्यंत थांबायचं, असा साधारण नियम असतो. मधल्या थांब्यांना असं बंधन नसतं. त्यांच्यासाठी ॲपमध्ये दिसणारी वेळ बहुतेकदा दोन टाइमपॉइंटांच्या मधला अंदाज असते.

म्हणून आपल्या थांब्याच्या लगेच आधीचा टाइमपॉइंट शोधायचा. समजा तिथून बस ७ वाजून १० मिनिटांनी सुटते आणि तुमचा थांबा तिथून दोन किलोमीटरवर आहे. सगळे सिग्नल हिरवे मिळाले, वाटेत कुणी चढलं-उतरलं नाही, तर ती कधी येईल? साधारण ७:१३. ॲप ७:१७ दाखवत असलं तरी तुम्ही ७:१३ ला तिथे हवेत. उशिरा आलेली बस तुमची पाच-दहा मिनिटं खाते, लवकर गेलेली बस अख्खी फेरी खाते.

बाकी बारीकसारीक: शनिवार आणि रविवारची कोष्टकं वेगळी असतात आणि सार्वजनिक सुट्टीला सहसा रविवारचं लागू होतं. अमेरिकेतल्या बऱ्याच वेळापत्रकांत दुपारनंतरच्या वेळा ठळक अक्षरात छापतात, नाहीतर सकाळची ६:४० आणि संध्याकाळची ६:४० यांत गोंधळ ठरलेला. चौकटीत वेळेऐवजी आडवी रेघ असेल तर त्या फेरीत बस त्या ठिकाणी जात नाही. वेळेशेजारी बारीक अक्षर असेल तर खाली टीप वाचा. ‘फक्त शाळेच्या दिवशी’ असं निघालं तर शाळांच्या सुट्टीत ती बस येणारच नाही.

दिशाही समजून घ्या. ‘इनबाउंड’ म्हणजे शहराच्या मध्यभागाकडे, ‘आउटबाउंड’ म्हणजे तिथून बाहेर. काही शहरांत त्याऐवजी नॉर्थबाउंड, ईस्टबाउंड चालतं. शेवटच्या थांब्याच्या नावापेक्षा हे शब्द जास्त कामी येतात. आणि नंबरामागचं अक्षर कधी सोडू नका. ४२ आणि ४२ ए एकाच थांब्यावरून सुटतात, पुढे एक इस्पितळाकडे वळते आणि दुसरी मालगोदामांच्या वस्तीत.

४. ॲपवर भरवसा, पण कितपत

फोनवर बसच्या वेळा दिसतात त्यामागे एक सामायिक साचा आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही बससेवा आणि गूगल यांनी तो मिळून सुरू केला. आज त्याला जीटीएफएस म्हणतात. बससेवा त्या साच्यात आपलं वेळापत्रक टाकते आणि वेगवेगळी ॲपं तेच उचलतात. त्यामुळे चार ॲपं चार वेगळ्या वेळा दाखवतील ही अपेक्षा नको. सगळ्यांचं मूळ एकच असतं.

फरक असतो तो छापील वेळ आणि थेट वेळ यांत. बसमधल्या यंत्रावरून येणारी थेट वेळ ॲपमध्ये वेगळ्या रंगात किंवा लहरींच्या छोट्या खुणेसह दिसते. ती खूण नसेल तर दिसतंय ते नुसतं वेळापत्रक आहे, बस प्रत्यक्षात निघालीच नसेल तरी. चार मिनिटं, दोन मिनिटं, एक मिनिट, आणि मग ओळच गायब! रस्त्यावर मात्र बसचा पत्ता नाही. असं पहिल्यांदा झालं की माणूस स्वतःवरच संशय घेतो. रद्द झालेली फेरी ॲपमधून वेळेत काढली नाही की असं होतं.

ॲपला प्रश्न विचारायचीही पद्धत आहे. ‘आता निघालो तर’ असं न विचारता ‘नऊला पोचायचं आहे’ असं विचारा. ॲप सगळ्यात जलद मार्ग पुढे करतं आणि त्यात तीन मिनिटांत बस बदलायला सांगतं. ते तीन मिनिटांचं बदलणं पाहिलं की तो पर्याय बाजूला सारा. चार मिनिटं जास्त घेणारा पण एकाच बसने नेणारा मार्ग बहुतेक वेळा आधी पोचवतो. आणि फोनची बॅटरी संपली तर? तुमच्या दोन-तीन मार्गांच्या वेळापत्रकाची छापील घडी पाकिटात असू द्या.

५. थांब्यावर

डावीकडून वाहतूक चालते अशा देशात वाढलेला माणूस उजवीकडून वाहतूक असलेल्या शहरात गेला की पहिल्यांदा चुकीच्या बाजूला उभा राहतो. मी राहिलो. भर उन्हात वीस मिनिटं. सहा पदरांपलीकडून माझ्याच नंबरची बस शांतपणे निघून गेली, आणि तरीही ती उलट दिशेची असेल असं मी आणखी दोन मिनिटं मानत होतो. लक्षात ठेवायची खूण अशी: जायचंय त्या दिशेला तोंड करा. वाहतूक उजवीकडून चालत असेल तर थांबा तुमच्या उजव्या हाताच्या कडेला आणि बसचं दारही उजवीकडे. वाहतूक डावीकडून असेल तर दोन्ही डावीकडे.

मोठ्या चौकात थांबा कुठे असतो तेही बघून ठेवा. बऱ्याच शहरांत तो सिग्नलच्या पलीकडे असतो, म्हणजे बस चौक ओलांडते आणि मग थांबते. नवखा माणूस चौकाच्या अलीकडे उभा राहतो, बस त्याच्यासमोरून जाते, आणि तो मागून धावत सुटतो.

थांबा म्हणजे शेड, बाक, पाटी असं चित्र डोळ्यासमोर असेल तर ते पुसून टाका. गाडीवाल्यांच्या शहरात थांबा म्हणजे बहुतेकदा नुसता एक खांब. उन्हाळ्यात दुपारी तिथे बघा: चार-पाच माणसं एकामागे एक ओळीने उभी, सगळी एकाच बाजूला. लांबून वाटतं किती शिस्तीची रांग! जवळ गेल्यावर दिसतं, खांबाची सावली हातभर रुंद आहे आणि जो तो त्यात मावायचा प्रयत्न करतोय. टोपी, पाणी आणि थंडीच्या देशात हातमोजे हे बसच्या पासाइतकेच गरजेचे. दुबईसारख्या ठिकाणी वातानुकूलित शेड आहेत, पण त्या प्रत्येक थांब्यावर मिळतील असं धरून चालू नका.

खांबावरच्या पाटीवर बहुतेक शहरांत थांब्याचा चार-पाच आकडी क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून ठेवा. ॲपमध्ये हा आकडा टाकला की नेमक्या त्याच थांब्यावर येणाऱ्या बस दिसतात, नावांचा घोळ राहत नाही. तक्रार करतानाही हाच आकडा सांगायचा.

एक आग्रहाचा सल्ला. नोकरी सुरू व्हायच्या आधी एकदा रंगीत तालीम करा. तीही कामाच्याच दिवशी, त्याच वेळेला. रविवारच्या रिकाम्या रस्त्यावर केलेली तालीम सोमवारी उपयोगाची नसते. वाटेत फक्त दोन गोष्टी टिपायच्या: आपल्या थांब्याच्या आधीचा थांबा कोणत्या खुणेवर येतो आणि उतरल्यावर ऑफिसच्या दारापर्यंत खरोखर किती मिनिटं लागतात. दुसरा आकडा धक्का देतो. बस इमारतीसमोर सोडते, पण इमारत आणि रस्ता यांच्यामध्ये पार्किंगचं वाळवंट पसरलेलं असतं.

६. चढणं, पैसे, उतरणं

बस दिसली की हात करा, विशेषतः एका थांब्यावर अनेक मार्ग असतील तेव्हा. नुसते उभे राहिलात तर ड्रायव्हर समजेल तुम्ही दुसऱ्या बसची वाट बघताय. रात्री फोनचा दिवा लावून स्वतःच्या अंगावर उजेड पाडा, ड्रायव्हरच्या डोळ्यांवर नको.

अशा शहरांतल्या बसमध्ये कंडक्टर सहसा नसतो. ड्रायव्हरजवळच्या यंत्रावर कार्ड टेकवायचं. रोख द्यायचे तर नेमके पैसे हवेत, बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हर सुटे परत देत नाही. कार्ड घ्याच, कारण खरा फायदा बस बदलताना होतो. बऱ्याच शहरांत पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून ठरावीक वेळ दुसरी बस मोफत असते. लॉस एंजेलिस आणि टोरांटोत हा अवधी दोन तासांचा आहे. छोटं काम असेल तर काही शहरांत जाऊन-येऊन एकाच भाड्यात होतं. तुमच्या शहरात परतीच्या दिशेला सवलत चालते का, हे आधी विचारून घ्या. काही शहरांत दिवसाच्या किंवा आठवड्याच्या भाड्याला कमाल मर्यादा असते, ती गाठली की पुढचे प्रवास फुकट. तिथे पास आधी काढून ठेवायची घाई कशाला?

भाडं अंतरावर किंवा विभागांवर ठरत असेल तिथे उतरतानाही कार्ड टेकवावं लागतं. सिडनी आणि दुबई ही त्यातली. विसरलात तर जास्तीचं भाडं कापलं जातं. अशा शहरात पहिला आठवडा कार्ड खिशात टाकूच नका, हातात धरा.

उतरायचं असेल तेव्हा दोरी ओढा किंवा बटण दाबा. कधी? आधीचा थांबा मागे पडला की लगेच. त्याआधी दाबलं तर बस एक थांबा अलीकडे थांबते आणि सगळे तुमच्याकडे बघतात. उशिरा दाबलं तर पुढच्या थांब्यावरून चालत यायचं, आणि इथे थांबे लांब लांब असतात. मागच्या दारापाशी नवखे लोक हमखास अडकतात. बस थांबते, दार उघडत नाही, माणूस ‘दार, दार’ म्हणून ओरडतो. दाराच्या वरचा हिरवा दिवा लागला की दांडा स्वतः ढकलायचा असतो, किंवा पिवळ्या पट्टीला हात लावायचा असतो.

उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नये. शेजारच्या पदरातून येणाऱ्या कारला तुम्ही दिसत नाही. सिग्नलपर्यंत चाला, बटण दाबा. बटण दाबल्याशिवाय पायी चालणाऱ्याचा दिवा लागतच नाही, असे सिग्नल बरेच आहेत. उत्तर अमेरिकेत लुकलुकणारा लाल हात म्हणजे आता निघू नका, अर्ध्यावर असाल तर पार व्हा.

गुडघे दुखत असतील, सोबत वयस्कर माणूस किंवा बाबागाडी असेल, तर ड्रायव्हरला सांगा. बऱ्याच नव्या बसची पायरी खाली झुकते, रॅम्पही निघतो. अमेरिकेत १९९० च्या अपंग हक्क कायद्याखाली, ज्यांना नेहमीची बस वापरताच येत नाही त्यांच्यासाठी, बसमार्गापासून पाऊण मैलाच्या आत घरापर्यंत येणारी वेगळी सेवा द्यावी लागते. तिच्यासाठी अर्ज करावा लागतो आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं.

७. बस बदलताना

एक बस बदलणं वाईट नाही. जाड रेघेवरून जाड रेघेवर बदललात तर जास्तीत जास्त १५ मिनिटं जातील. जाड रेघेवरून तासाच्या बसवर बदलायचं असेल तर मात्र ती तासाची बस आधी ठरवा आणि तिच्यापासून उलटा हिशेब मांडा: तिच्या आधीची जाड रेघेवरची बस नको, त्याच्याही आधीची पकडा. येताना चिंता नाही, तासाची बस आधी आणि जाड रेघ नंतर येते.

कमी फेऱ्यांच्या काही शहरांत एक छान सोय असते. सगळे मार्ग एका आगाराजवळ एकाच वेळी येतात, समजा दर तासाच्या १५व्या आणि ४५व्या मिनिटाला, पाच-सात मिनिटं थांबतात आणि एकदम सुटतात. तिथे अर्ध्या तासाच्या बसही चांगल्या चालतात. तुमची बस उशिरा पोचत असेल तर ड्रायव्हरला आधीच सांगा की पुढची अमुक पकडायची आहे. बऱ्याचदा ते रेडिओवरून कळवतात आणि ती बस मिनिटभर थांबते.

८. बस येत नाही तेव्हा

वीस मिनिटं काही नाही, आणि मग एकामागोमाग दोन. याला ड्रायव्हरांचा गप्पांचा अड्डा कारण नसतो. एक बस थोडी मागे पडली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं साठतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. तिच्यामागच्या बसला माणसंच उरत नाहीत, ती भराभर येऊन हिला गाठते. म्हणून पहिली खच्चून भरलेली आली की ॲपमध्ये दुसरी कुठे आहे ते बघा. दोन मिनिटांवर असली तर थांबा, बसायला जागा मिळेल.

रोजच्या प्रवासात एक बस चुकेल असं धरूनच निघायचं. बस दर १५ मिनिटांनी येत असेल तर १५ मिनिटं आधी निघा. मुलाखत, विमान, परीक्षा असेल तर दोन फेऱ्या आधी.

रात्रीची शेवटची बस आपली नाही असं समजा, शेवटून दुसरी आपली. शेवटची रद्द झाली तर हाती काहीच उरत नाही, शेवटून दुसरी चुकली तर एक आहे. टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा आणि त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. कारचा हप्ता, विमा आणि पार्किंग यांच्यापुढे महिन्याच्या दोन टॅक्सी म्हणजे किरकोळ. अमेरिकेतल्या काही शहरांत बसने कामावर जाणाऱ्यांना अडीअडचणीला घरी सोडायची योजनाही असते, आधी नाव नोंदवावं लागतं. टोरांटोत रात्री ९ ते पहाटे ५ या वेळात दोन थांब्यांच्या मधेही, सुरक्षित असेल तिथे, ड्रायव्हरला बस थांबवायला सांगता येते. तुमच्या शहरात असं काही आहे का ते विचारा, पाटीवर ते लिहिलेलं असेलच असं नाही.

९. सामान आणि सायकल

महिन्याचं सामान एकदम आणायची सवय कारवाल्यांची. बसवाल्याने आठवड्यातून दोनदा, कामावरून येताना, दोन्ही हातांत मावेल एवढं आणावं. पाठीवरची पिशवी चाकांच्या ट्रॉलीपेक्षा बरी, पायरी चढताना हात मोकळे राहतात. दूध आणि गोठवलेल्या वस्तू शेवटी उचला आणि बस चार मिनिटांवर आली की पैसे द्यायच्या रांगेत लागा. जड पोती आणि फर्निचर घरपोच मागवा.

सायकल असेल तर थांब्यापर्यंत चालण्याचा प्रश्न निम्मा सुटतो. उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच बसच्या नाकावर सायकलींची घडीची चौकट असते, त्यात दोन किंवा तीन मावतात. चौकट खाली ओढायची, सायकल ठेवायची, चाकावर आकडा अडकवायचा. घरी एकदा व्हिडिओ बघून जा, नाहीतर भर रस्त्यात चाळीस माणसं तुमची वाट बघतील. उतरताना पुढच्या दारानेच उतरा आणि ड्रायव्हरला सांगा की सायकल काढायची आहे. न सांगता मागून उतरलात तर सायकल पुढच्या थांब्याला निघून जाते.

१०. वेळापत्रक बदलतं तेव्हा

बहुतेक बससेवा वर्षातून काही ठरावीक वेळा वेळापत्रक बदलतात, बरेचदा शाळा सुरू होताना आणि सुट्ट्या लागताना. पाकिटातली घडी मग जुनी होते आणि पहिल्याच सोमवारी सातची बस सहा पंचावन्नला निघून गेलेली असते. बदलाची सूचना बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे टांगलेल्या पत्रकांत आणि थांब्याच्या खांबाला बांधलेल्या कागदावर आधी येते. खांबावर नवा कागद दिसला की बस यायच्या आत तो वाचून घ्या, तारखेसकट. रस्त्याचं काम चालू असेल तर तुमचा थांबा तात्पुरता पुढच्या चौकात गेलेला असतो, आणि तेही त्याच कागदावर लिहिलेलं असतं.